छोट्या आयातीचे गणित : जळकोटहून इलेक्ट्रॉनिक्सचा ऑनलाइन व्यापार

परदेशातून इलेक्ट्रॉनिक माल मागवून ऑनलाइन विकणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याचे नशीब मालाच्या खरेदीभावावर ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. चीनमध्ये साठ सेंटला मिळणारा बोर्ड इकडे दीडशेला विकला जातो, म्हणजे मधला सगळा नफा, असे वरवर दिसते. प्रत्यक्षात या धंद्याला तारणारी किंवा बुडवणारी गोष्ट वेगळी आहे : मालाच्या प्रत्येक खेपेवर बसणारा ठराविक खर्च, आणि खेप सुटेपर्यंत अडकून पडणारा पैसा. पन्नास लाखांच्या मालाला जेवढे कागद लागतात, जवळजवळ तेवढेच पन्नास हजारांच्या मालाला लागतात. त्यामुळे हे ओझे लहान व्यापाऱ्यावर प्रमाणाबाहेर पडते. त्याच्या बाकीच्या बहुतेक अडचणी याच एका मुळातून फुटतात.

धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यातले जळकोट डोळ्यांसमोर ठेवून हे विवेचन केले आहे. सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे, नळदुर्गजवळचे हे गाव. असा धंदा इथून सुचणे अगदी स्वाभाविक आहे, कारण मागणी शिवारातच आहे. विहिरीवरच्या, बोअरवरच्या मोटारीला ऑटो स्विच हवा असतो. रात्री-बेरात्री वीज येते तेव्हा घरबसल्या मोटार चालू करणारा मोबाइल स्टार्टर हवा असतो. द्राक्षबागेत ओलावा मोजणारे सेन्सर, सौर पंपाचे सुटे भाग, दुकानाला आणि गोठ्याला कॅमेरे हवे असतात. यातल्या जवळजवळ प्रत्येक डब्यात बाहेरून आलेला एखादा बोर्ड, रिले किंवा मॉड्यूल असते. हे भाग सध्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, पुण्यातल्या बुधवार पेठेच्या तापकीर गल्लीतून किंवा एखाद्या ऑनलाइन दुकानातून येतात. तेच थेट मागवावेत आणि आपणच राज्यभर विकावेत, हा विचार तर्काला धरून आहे.

जकातीशी या भागाचा संबंध जुना आहे. १९४७ पर्यंत सोलापूर ब्रिटिशांकडे आणि १९४८ पर्यंत नळदुर्ग निजामाकडे होते. हैदराबाद संस्थानाची स्वतःची करोडगिरी होती आणि सोलापूरहून इकडे येणाऱ्या मालाला तिचा नाका ओलांडावा लागे. आज तो नाका न्हावा-शेवा बंदरात, मुंबईच्या विमानतळावर किंवा हैदराबादजवळच्या शमशाबादच्या विमानतळावर आहे. जळकोटहून शमशाबाद मुंबईपेक्षा बरेच जवळ पडते, तरी मराठी व्यापारी सवयीने मुंबईकडेच पाहतो. हवाई मार्गाने लहान खेप आणायची असेल तर दोन्हीकडच्या क्लिअरिंग एजंटचे दर आधी विचारून घ्यावेत.

धंद्यात उतरण्याची कागदपत्रे आता फारशी अवघड राहिलेली नाहीत. परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड पाचशे रुपयांत ऑनलाइन मिळतो आणि पॅन हाच त्याचा क्रमांक असतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती कायम केली नाही तर तो निष्क्रिय होतो आणि हे बऱ्याचदा माल बंदरात आल्यावरच ध्यानात येते. जीएसटी नोंदणी लागते, बँकेचा एडी कोड लागतो. जळकोटकराने एक काळजी जास्तीची घ्यावी. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले, त्यामुळे काही कागदांवर जुने नाव आहे तर काहींवर नवे. शिवाय लातूर जिल्ह्यात तालुक्याचे ठिकाण असलेले दुसरे जळकोट आहे. पॅन, जीएसटी, बँक आणि आयात कोड यांवरचा पत्ता पिनकोडसह एकसारखा करून घ्यावा. हे काम माल मागवण्याआधी करायचे आहे.

खर्चाचा हिशेब

खरा प्रश्न पैशाचा आहे, म्हणून एक खेप मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल धरले आहेत, पद्धत मात्र कायद्यातली आहे. बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारे एक हजार छोटे बोर्ड, प्रत्येकी साठ सेंट. एकूण सहाशे डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर ५४,००० रुपये. विमानभाडे समजा १८,००० झाले. सीमाशुल्क मूल्यांकनाच्या २००७ च्या नियमांत छोट्या आयातदाराच्या सोयीची एक तरतूद आहे : हवाई भाडे प्रत्यक्षात कितीही झाले तरी कर आकारताना ते मालाच्या एफओबी (तिकडे चढवेपर्यंतच्या) किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. म्हणजे इथे १०,८०० रुपयेच धरायचे. विम्याचा खर्च दाखवता आला नाही तर १.१२५ टक्के धरतात, ते झाले सुमारे ६०८. करपात्र मूल्य ६५,४०८ रुपये.

मूळ सीमाशुल्क २० टक्के लागले असे समजू : १३,०८२ रुपये. त्यावर समाजकल्याण अधिभार, शुल्काच्या १० टक्के : १,३०८. या सगळ्याच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी : सुमारे १४,३६३. इथे दोन करांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. आयजीएसटीचे पैसे विक्रीवरच्या करातून वळते होतात. ते आज खिशातून जातात, पण पुढे परत येतात. मूळ शुल्क आणि अधिभाराचे १४,३९० रुपये मात्र कायमचे गेले, ते किमतीतच मिसळायचे. आता एजंट आणि बंदरावरचे खर्च ६,०००, बँकेचे परदेशी पेमेंटचे आकार २,५०० आणि गावापर्यंतची वाहतूक १,५०० धरा. आयजीएसटी वगळून एकूण खर्च ९६,३९० रुपये, म्हणजे नगाला ९६. जो बोर्ड ५४ रुपयांना पडला असे वाटत होते, त्याची ही लँडिंग कॉस्ट. आयजीएसटीसह हातातून गेलेली रोख सुमारे १,१०,७५० रुपये.

आगाऊ रक्कम दिल्यापासून माल विकून पैसे हाती येईपर्यंत तीन महिने सहज जातात. वर्षाला १८ टक्के व्याजाने तीन महिन्यांचे जवळजवळ पाच हजार होतात. हाच बोर्ड पुण्या-मुंबईच्या घाऊक बाजारात करापूर्वी १२० रुपयांना मिळत असेल, तर हजार नगांच्या खेपेत वाचले साधारण १८,६०० रुपये. शंभरात सहा नग सदोष निघाले तर त्यातले ७,२०० गेले. आणि माल उतरण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्काचे आयात-विवरण, दाखल झाले नाही, तर सर्वसाधारणपणे पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये उशिराचा आकार लागू शकतो. चौथ्या दिवशी तो २५,००० होतो. खेपेचा सगळा नफा त्याच्या आतच संपलेला असतो.

याच हिशेबातून दुसरे एक उत्तर निघते : खेप किती मोठी असावी? एजंट, बँक आणि वाहतुकीचे १०,००० रुपये खेप लहान असो वा मोठी, लागणारच. हे सोडून नगाला ८६ रुपये पडतात, व्याज धरून ९१. बाजारभावाशी फरक २९ रुपयांचा. दहा हजारांना २९ ने भागले की साधारण ३५० नग येतात. त्याहून कमी नग मागवणाऱ्याने थेट आयात करूच नये, पुण्याहून घ्यावेत. प्रत्येक वस्तूसाठी हा भागाकार पेमेंट करण्याआधी कागदावर मांडला, तर निम्म्या चुकीच्या खेपा घडणारच नाहीत.

मालाचे वर्गीकरण

वरच्या हिशेबात २० टक्के हा दर गृहीत धरला. तो शून्य असता तर नगामागे चौदा रुपये वाचले असते. दर ठरतो शुल्काच्या यादीतल्या आठ आकडी शीर्षकावरून आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांत हे शीर्षक ठरवणे फार निसरडे आहे. माहिती तंत्रज्ञान करारानुसार १९९७ पासून चिप, संगणक आणि त्यांचे भाग अशा अनेक वस्तूंवर भारताने शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणले. नुसती मायक्रोकंट्रोलर चिप ८५४२ मध्ये येते, तिच्यावर मूळ शुल्क नाही. तीच चिप बोर्डावर बसवली, शेजारी यूएसबीचे तोंड आणि दोन बटणे लावली, की वाद सुरू होतो. हा संगणकाचा भाग म्हणून ८४७३ मध्ये जाईल, विद्युत नियंत्रणाचा फलक म्हणून ८५३७ मध्ये, की दुसरीकडे कुठेच न बसणारे विद्युत उपकरण म्हणून ८५४३ मध्ये? विक्रेता इन्व्हॉइसवर जो क्रमांक छापतो तो त्याच्या देशाच्या सोयीचा असतो, आपल्याला तो बंधनकारक नाही आणि संरक्षक तर मुळीच नाही.

२०११ पासून मूल्यमापन स्वयंघोषणेने होते. म्हणजे शीर्षक चुकल्याची जबाबदारी आयातदाराची, त्याच्या एजंटची नव्हे. साध्या चुकीबद्दल दोन वर्षांपर्यंत आणि माहिती दडवल्याचे ठरले तर पाच वर्षांपर्यंत मागे जाऊन मागणी निघू शकते. तोवर माल विकलेला असतो आणि गिऱ्हाइकाकडून फरक वसूल करता येत नाही. जो माल वर्षानुवर्षे आणायचा आहे त्यासाठी मुंबईच्या सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तीन महिन्यांत निर्णय देण्याची तरतूद आहे आणि दिलेला निर्णय काही वर्षे टिकतो. लहान व्यापारी हा मार्ग क्वचितच वापरतात. तो मोठ्यांचाच आहे असे त्यांना वाटते, पण पाच वर्षांनी येऊ शकणाऱ्या नोटिशीची खरी धास्ती लहानालाच आहे.

मान्यता आणि प्रमाणपत्रे

शुल्क भरले की माल सुटतोच असे नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ मध्ये निघाला. सुरुवातीला पंधरा वस्तू होत्या, पुढे यादी साठीपलीकडे गेली. भिंतीच्या सॉकेटला लागणारे अ‍ॅडॉप्टर, पॉवर बँक, लिथियम सेल, एलईडी दिवे हे सगळे त्यात आहे. ही नोंदणी आयातदाराच्या नावाने होत नाही. ती कारखान्याच्या नावाने, त्या कारखान्यापुरती होते, आणि त्यासाठी भारतातल्या मान्य प्रयोगशाळेत नमुने तपासावे लागतात. पाचशे अ‍ॅडॉप्टर घेणाऱ्यासाठी चीनमधल्या शेन्झेनचा कोणता कारखानदार ही खटपट करील? म्हणून अ‍ॅडॉप्टर बाहेरून आणूच नये. नोंदणी झालेले, आर-क्रमांक छापलेले इथेच विकत घ्यावेत आणि तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासून मगच साठा करावा.

कॅमेऱ्यांचे दार तर ९ एप्रिल २०२५ पासून आणखी अरुंद झाले. सीसीटीव्हीला आता सुरक्षेच्या, म्हणजे त्यातल्या सॉफ्टवेअरच्याही चाचण्या लागतात. स्वस्तातला बिननावाचा कॅमेरा आणून विकण्याचा काळ संपला, आणि ज्या वस्तूतून कुणाचेही अंगण परक्याला दिसू शकते तिच्याबाबत हे कडक धोरण मला रास्त वाटते.

बिनतारी मॉड्यूलची अडचण वेगळी आहे. ब्लूटूथ आणि वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तो पट्टा भारतात परवानामुक्त आहे, तरी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-मान्यता लागते. लांबवर संदेश पाठवणारी लोरा मॉड्यूल शेतीसाठी उत्तम आहेत, पण इथे बारीक पाहावे लागते. एकाच दिसण्याची मॉड्यूल ४३३, ८६८ आणि ९१५ मेगाहर्ट्झ अशा प्रकारांत मिळतात. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा खुला आहे. अमेरिकेसाठी बनलेले ९१५ चे मॉड्यूल इथे परवान्याशिवाय वापरता येत नाही. विक्रेत्याकडे ९१५ चा साठा पडून असेल तर तो स्वस्तात देऊ करतो. तो स्वस्ताईचा माल घेऊ नये. मोबाइल स्टार्टरच्या मॉड्यूलबाबतही असेच : सगळ्यात स्वस्त जीएसएम मॉड्यूल फक्त टूजीवर चालतात आणि जिओचे टूजी जाळे मुळातच नाही. ज्या वाडीवर जिओचीच रेंज आहे तिथे ते मॉड्यूल निरुपयोगी ठरते.

लिथियम सेल सुटे आणण्याचा मोह टाळावाच. एप्रिल २०१६ पासून सुटे लिथियम-आयन सेल प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत आणि मालवाहू विमानातही ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज चालत नाही. वाहतुकीतल्या सुरक्षेचा यूएन ३८.३ हा चाचणी-अहवाल लागतो. त्यातच १८६५० आकाराच्या सेलवर ९,९०० एमएएच छापून विकण्याचा सर्रास प्रकार आहे. त्या आकारात चांगल्या कंपनीचा सेलही साडेतीन हजारांच्या आसपासच जातो. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या पुढे-मागे भरतो. साध्या सोनाराच्या काट्यावर ठेवला तरी हलका नकली सेल ओळखू येतो.

शिवाय ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत यादीतली उपकरणे आयात करणाऱ्याला उत्पादकच मानले आहे आणि त्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. पाकीटबंद माल किरकोळीने विकायचा तर वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि किंमत छापावी लागते. ऑनलाइन विक्रीत मूळ देश दाखवणे २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनी बंधनकारक आहे.

पुरवठा आणि वेळापत्रक

आडवाटा एकेक करून बंद झाल्या आहेत. भेटवस्तू म्हणून पार्सल मागवण्याची सवलत डिसेंबर २०१९ मध्ये राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता रद्द झाली. गलवानमधल्या भारत-चीन चकमकीनंतर, जून २०२० मध्ये, चीनहून आलेला माल बंदरांत कसून तपासणीसाठी अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अलीएक्सप्रेसवर बंदी आली आणि पाच-दहा नग मागवून माल पारखण्याची सगळ्यात सोपी वाट बंद झाली. आता नमुना मागवायचा तरी कुरिअरने, पूर्ण कागदांसह मागवावा लागतो. कुरिअर कंपनीला आपला जीएसटी क्रमांक आधीच द्यावा. तो नोंदीत आला नाही तर भरलेल्या आयजीएसटीचे क्रेडिट मिळवताना दमछाक होते.

नकली चिपचा धोका नमुना पाहूनही संपत नाही, कारण नमुना खरा आणि खेप नकली असे होऊ शकते. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप-कंपनीने विंडोजच्या अपडेटमधून असा ड्रायव्हर सोडला की तिच्या नावाच्या नकली चिप असलेले बोर्ड संगणकाला ओळखूच येईनात. ज्यांनी ते बोर्ड विकले होते त्या जगभरच्या लहान दुकानदारांना आपण काय विकले हे त्या दिवशी कळले. म्हणून आगाऊ दिल्यावर उरलेली शिल्लक रक्कम सोडण्याआधी प्रत्यक्ष खेपेतल्याच काही नगांची तपासणी आणि छायाचित्रे मागावीत.

आगाऊ पेमेंटलाही मुदत असते. आगाऊ पैसे पाठवल्यावर सहा महिन्यांत माल देशात यावा लागतो आणि बँकेच्या नोंदीत ते पेमेंट बिल ऑफ एंट्रीशी जुळावे लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा लाख रुपयांपर्यंतच्या नोंदी आयातदाराच्या घोषणेवर बंद करण्याची सवलत दिली. लहान आयातदाराकडे पाहून केलेल्या मोजक्या सुधारणांपैकी ही एक.

वेळापत्रकात एक गाठ आहे ती आपल्याच भागाची. पाणी देण्याच्या साधनांना मागणी रब्बीत, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत असते. चिनी नववर्ष जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येते आणि त्याच्या आगेमागे कारखाने कित्येक आठवडे थंड असतात. दिवाळीनंतर मागणी पाहून ऑर्डर दिली तर माल हरभरा काढणीला येतो आणि पुढच्या हंगामापर्यंत पडून राहतो. ऑर्डर ऑगस्टमध्येच द्यायला हवी. त्या वेळी पाऊस कसा होणार हे ठाऊक नसते, आणि विहिरींना पाणी नसेल तर स्टार्टर कोण घेणार? मराठवाड्यातल्या आयातदाराच्या डोक्यावर रुपया-डॉलरच्या दराबरोबर पावसाचीही जोखीम असते.

विक्रीनंतर

ऑनलाइन विक्रीतले कमिशन, परत येणारी पार्सले, कॅश ऑन डिलिव्हरीला नकार देणारे गिऱ्हाईक हे सगळ्याच ऑनलाइन धंद्यांना आहे, त्यावर इथे थांबत नाही. आयातदाराचे वेगळेपण त्याच्या दायित्वात आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, वस्तू बनवणाऱ्यावर भारतात नोटीस बजावता येत नसेल तर तिच्यामुळे झालेल्या इजेची भरपाई विकणाऱ्याकडून मागता येते. रिले चिकटून मोटार जळाली किंवा डब्यात शॉर्ट होऊन आग लागली, तर शेन्झेनचा कारखाना कुणाला सापडणार नाही. जळकोटचा दुकानदार सापडेल. म्हणून मोटारीच्या मुख्य वीजदाबाशी थेट संबंध येणारे रिले आणि कॉन्टॅक्टर भारतातल्या नामांकित कंपन्यांचेच वापरावेत आणि आयात फक्त कमी दाबाच्या नियंत्रण-बोर्डांची ठेवावी. यात नफा थोडा कमी होईल, पण माणसाच्या जिवाशी ज्याची गाठ आहे तिथे ही काटकसर करण्याचा अधिकार व्यापाऱ्याला नाही.

हा धंदा महाराष्ट्रात जमतो याचे उदाहरण पुण्यात आहे. रोबोटिक्स आणि ड्रोनचे सुटे भाग ‘रोबू’ या ऑनलाइन दुकानातून विकणारी मॅकफोस ही कंपनी २०२३ मध्ये मुंबई शेअर बाजाराच्या लघु-मध्यम उद्योगांच्या मंचावर नोंदली गेली. तिच्याकडे हजारो प्रकारचा माल आहे. त्या विविधतेशी जळकोटच्या दुकानाने स्पर्धा करण्यात अर्थ नाही. त्याने शेतीच्या दहा-पंधरा वस्तूच निवडाव्यात, त्या स्वतः विहिरीवर लावून पाहाव्यात आणि दुरुस्ती इथल्या इथे द्यावी. पुण्याचे दुकान नळदुर्गच्या बागेत दुसऱ्या दिवशी माणूस पाठवू शकत नाही, जळकोटचे पाठवू शकते.

खेपेच्या ठराविक खर्चावर उपायही एकच आहे : वाटून घेणे. सोलापूर, लातूर, धाराशिवच्या पाच-सहा लहान व्यापाऱ्यांनी एका नोंदणीकृत संस्थेच्या आयात कोडवर मिळून वर्षात दोन खेपा आणल्या, तर दहा हजारांचा बोजा प्रत्येकी दोन हजारांच्या आत येतो, तपासणीचा माणूस परवडतो आणि आगाऊ निर्णयाचा अर्जही परवडतो. जिल्हा उद्योग केंद्रांनी अनुदानाच्या योजनांबरोबर अशा सामाईक आयातीची एखादी संस्था उभी करून द्यावी आणि वर्गीकरणाची माहिती मराठीत द्यावी. आणि ज्याच्याकडे आज दोन लाखांचे भांडवल आहे आणि असा सोबती नाही, त्याने यंदा आयात करू नये. एक हंगाम पुण्याचा माल विकून कोणत्या वस्तूचे साडेतीनशे नग खरोखर खपतात ते पाहावे, आणि पहिली ऑर्डर फक्त तेवढ्याच वस्तूची द्यावी.